कौसल्याबाईंचं उरलेलं पोट

ऑपरेशननंतर चार महिन्यांनी कौसल्याबाई शाळेत परत आल्या तेव्हा त्यांचं बावीस किलो वजन उतरलं होतं, आणि स्टाफरूममधल्या बायांना त्यांचा चक्क हेवा वाटला.

"किती छान बारीक झाल्या हो तुम्ही," रंभाबाई म्हणाल्या. रंभाबाई चौथीचा वर्ग घेत. अंगाने भरलेल्या, आणि सोमवार, चतुर्थी, एकादशी धरून उपासाच्या दिवशी एरवीपेक्षा दुप्पट खाणाऱ्या. "काय उपाय केला, आम्हालेही सांगा नं."

"पोट कापून फेकलं," कौसल्याबाई म्हणाल्या. "पत्ता देऊ का?"

रंभाबाईंना ती चेष्टा वाटली, त्या हसल्या. कौसल्याबाईंनी डब्यातून अर्धी भाकर काढली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत चावायला सुरुवात केली. शहाण्यासारखं बोलणाऱ्या मूर्खाला उत्तर देता देता घास गिळला तर तो उलटून येतो, एवढं त्या चार महिन्यांत शिकल्या होत्या.

गोड बोलणं त्यांना ऑपरेशनच्या आधीही पचत नव्हतं. सक्करदऱ्याच्या तळ्यामागच्या वस्तीत त्या वाढल्या. वडील आनंदराव गिरणीत कामाला, घरात खाणारी सात तोंडं, आणि चुलीवर बहुतेक दिवस कण्यांची पेज नाहीतर आंबील. भूक ही त्या घरातलं आठवं माणूस होती आणि सगळ्यांत आधी जेवायला बसायची. छप्पन साली घरादाराने दीक्षा घेतली तेव्हा कौसल्या वीस वर्षांची होती. पुढच्या वर्षी ती मास्तरकीची परीक्षा पास झाली, एका खासगी संस्थेच्या प्राथमिक शाळेत लागली, आणि त्या दिवसापासून तिने पोटाला कधी नाही म्हटलं नाही. तीन भाकरी, वर भात, रविवारी मटणाचा लाल रस्सा, आणि तोंडी लावायला हिरव्या मिरचीचा ठेचा. कमी खाणाऱ्या माणसाचा तिला संशय यायचा. लग्नाच्या पंगतीत कुणी 'पुरे' म्हणालं की ती म्हणायची, "याच्या बापाने याला उपाशी ठेवलं नाही, म्हणून हे नखरे."

पस्तिशी जवळ आली तसं पोट जळायला लागलं. त्यांनी खाण्याचा सोडा घेतला आणि पोटालाच शिव्या दिल्या. दोन वर्षं हा उपचार चालला. मग एकाहत्तरच्या फेब्रुवारीत, फळ्यावर गुणाकार मांडताना, त्यांना रक्ताची उलटी झाली.

ऑपरेशन झाल्यावर मोठे डॉक्टर नवऱ्याला, देवरावांना, एवढंच म्हणाले, "अल्सर होता. पोटाचे दोन हिस्से काढले, एक ठेवला." आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. बाकीचं सांगायला एक तरुण डॉक्टरीणबाई थांबली. दिवसातून सहा वेळा खायचं, मूठभर. कोरडं खायचं. जेवताना पाणी नाही, तासाभराने. साखर, गूळ, गोड काही नाही. दूध जपून. खाल्ल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं. संत्र्याची फोड खायची नाही, तिचा चोथा आत अडकून बसतो.

"डॉक्टर, तुम्ही नागपूरच्याच का?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"हो."

"आणि संत्रं खाऊ नका म्हणता."

"मी म्हणत नाही, तुमचं पोट म्हणेल," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाली. कौसल्याबाईंना ती मुलगी त्याच दिवशी पटली.

घरी पटणारी माणसं कमी होती. सासूबाई, भीमाबाई, स्वभावाने मायाळू, आणि कौसल्याबाईंच्या मते तोच त्यांचा सगळ्यात मोठा रोग. दवाखान्यातून आलेल्या माणसाला ताकद पाहिजे म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी तुपातला शिरा केला. कौसल्याबाईंनी चार घास खाल्ले. पाव तासात छातीत धडधड सुरू झाली, पाठीवरून घामाच्या धारा लागल्या, डोळ्यांपुढे खोली फिरली. मग मळमळ अशी उसळली की त्या मोरीपर्यंत रांगत गेल्या.

भीमाबाईंनी मीठ-मिरच्या आणल्या. "नजर लागली वं पोरीले. एवढी गोरीमोरी झाली."

"आत्याबाई," कौसल्याबाई मोरीतूनच म्हणाल्या, "पंधरा वर्षं झाली बुद्धाले शरण जाऊन. नजर कोनाची लागून राहिली मले, शिऱ्याची?"

"मंग काहून होते असं?"

"साखरेनं होते. मले सांगतलं होतं, मी तुमाले सांगतलं होतं, तुमी शिरा केला."

दुसऱ्या दिवशी भीमाबाईंनी दुधात साखर घालून आणली. माणसाला सांगून समजत नाही, लिहिलं की समजतं, हा कौसल्याबाईंचा चौदा वर्षांचा अनुभव. त्यांनी खडू घेतला आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला दोन रकाने आखले, 'पास' आणि 'नापास'. दूध नापास. शिरा, चहा, पिकलं केळं नापास. वरणभात पातळ कालवला तर नापास, घट्ट मुगाची खिचडी तूप न घालता पास. ज्वारीची भाकर शिळी असेल तर पास, ताजी असेल तर निकाल राखून. उकडलेलं अंडं पहिल्या श्रेणीत पास. भीमाबाईंना वाचता येत नव्हतं. तेव्हा प्रत्येक पदार्थापुढे कौसल्याबाईंनी हसणारं नाहीतर ओकणारं तोंड काढून दिलं. ओकणाऱ्या तोंडांचा रकाना महिन्याभरात दाराच्या खालच्या कडेला टेकला.

देवराव रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. कमी बोलणारा, सरळ माणूस. बायकोला खाता येत नाही म्हणून त्यांनी रविवारचं मटण सोडलं आणि दोन वेळा भाकरीसोबत नुसतं वरण खायला लागले. तिसऱ्या रविवारी कौसल्याबाईंच्या ते लक्षात आलं.

"तुमी उपाशी राह्यल्यानं माहं पोट वाढणार आहे काय?" त्यांनी विचारलं.

"तुले वास सहन होत नाही म्हणून..."

"वास मले नाही सहन होत. तुमचा त्याग त्याहून नाही होत. जा, मटण आणा."

देवरावांनी मटण आणलं. रस्स्याला फोडणी पडली तशा कौसल्याबाई घराबाहेर गेल्या आणि जवळच्याच सक्करदऱ्याच्या तळ्याच्या काठावर दगडावर बसल्या. तिथे त्यांना रडू आलं. मटणासाठी आलं असतं तर त्यांनी स्वतःलाच दोन शब्द सुनावले असते. त्यांना भूक लागत नव्हती, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. जिला लहानपणापासून शिव्या दिल्या, जी रात्री झोपू देत नव्हती, ती भूकच आता येत नव्हती. घड्याळ सांगेल तेव्हा औषधासारखं खायचं. एवढी वर्षं आपण जेवणावर प्रेम केलं असं वाटत होतं. ते प्रेम त्या भवानी भुकेवरच होतं की काय, असा विचार येऊन त्यांना स्वतःची किळस आली. डोळे पुसून त्या घरी गेल्या. चारची वेळ झाली होती आणि अंडं उकडायचं होतं.

डिसेंबरात सावनेरहून देवरावांचे काका, गोपाळराव, भेटायला आले. ते कोळशाच्या खाणीत हजेरीबाबू होते, आणि हजेरी घेणाऱ्या माणसाला लागते ती सवय त्यांना लागली होती, म्हणजे आपण नाव घेतलं की समोरच्याने उभं राहायचं. सोबत शेजाऱ्याच्या बागेतल्या संत्र्यांची टोपली होती. स्वतः सोललेली फोड त्यांनी कौसल्याबाईंपुढे धरली.

"काकाजी, मले संत्रं मना आहे."

"संत्रं?" गोपाळराव हसले. "अवं, बिमार माणसाले दुनिया संत्रं नेऊन देते. तुह्या डॉक्टरले काई समजते काय? खाय."

"अडकते म्हणतात."

"रसाचं फळ अडकते? माह्या हातचं खाय, मग पाहू कसं अडकते ते."

भीमाबाईंनी डोळ्यांनी विनवलं, देवरावांनी जमिनीकडे पाहिलं. पाहुणा, त्यात वडीलधारा, त्यात इतक्या लांबून आलेला. कौसल्याबाईंनी पहिली फोड खाल्ली. गोपाळराव सोलत राहिले, त्या खात राहिल्या. तीन संत्री झाली. संत्रं मात्र खरोखर गोड होतं, आणि तेवढा वेळ त्यांनाही वाटलं की डॉक्टरीण पोरगी उगाच घाबरवते.

गोपाळराव संध्याकाळच्या गाडीने गेले. उलट्या दुसऱ्या दिवशी सुरू झाल्या. आधी खाल्लेलं पडलं, मग पाणी, मग हिरवं कडूजहर पित्त, आणि तिसऱ्या दिवशी काहीच उरलं नव्हतं तरी पोट उमळून येतच राहिलं. देवरावांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. नाकातून नळी घालून, धुऊन धुऊन, दोन दिवसांनी चोथ्याचा गोळा सुटला. नशीब म्हणून पुन्हा कापावं लागलं नाही.

तीच डॉक्टरीणबाई आली. तिने कागद पाहिला आणि विचारलं, "संत्रं?"

नाकात नळी असलेल्या कौसल्याबाईंनी मान हलवली.

"माहीत असून?"

"पाहुण्यांच्या मानासाठी," कौसल्याबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई रागावली नाही. ती म्हणाली, "पाहुणे कुठे आहेत आता?"

हे वाक्य कौसल्याबाईंना नळीपेक्षा जास्त टोचलं. पाहुणे सावनेरला होते, जेवून झोपले असतील. पुढे घरून लिहिलेल्या पत्राला गोपाळरावांचं उत्तर आलं की पोरीचं पोट नाजूक दिसते, संत्री मात्र चांगली होती. त्या दिवसापासून कौसल्याबाईंनी लाज सोडली. आग्रह करणारा माणूस दिसला की त्या आधीच म्हणत, "खाते, पण आधी माह्या उशाशी तीन दिवस बसायचं लिहून द्या." बहुतेकांचा आग्रह तिथेच संपे. शाळेत रंभाबाईंनी एकदा कुठल्याशा यात्रेच्या प्रसादाचा पेढा कौसल्याबाईंच्या तोंडाशी नेला. याच रंभाबाई आठ वर्षं स्टाफरूममध्ये कौसल्याबाईंच्या हाताने भरलेल्या माठातलं पाणी पीत नव्हत्या, घरून तांब्या आणत.

"रंभाबाई," कौसल्याबाई म्हणाल्या, "आठ वर्षं तुम्हाला माझं पाणी चाललं नाही, मी काही बोलले नाही. मला तुमचा पेढा चालत नाही. तुम्हीही बोलू नका."

रंभाबाईंनी पेढा स्वतः खाल्ला. ही गोष्ट सेक्रेटरींच्या कानावर गेली, आणि जाताना ती पेढ्यावरून अंड्यावर घसरली.

संस्थेचे सेक्रेटरी वामनराव यांचं पोट टेबलाच्या कडेला टेकत असे, त्यामुळे कागदावर सही करताना ते खुर्चीत तिरके बसत. सकाळी अकरा ते एक ते शाळेच्या ऑफिसात बसून शिस्त पाळायला लावत. कौसल्याबाई दुपारी बाराला वर्गातच खात हे त्यांना कळलं. तिसरीच्या मुली शुद्धलेखन लिहीत, बाई खुर्चीत बसून अर्धी भाकर आणि अंडं चावत, मग पंधरा मिनिटं टेबलावर डोकं टेकत. मुलींना त्याची सवय झाली होती. वामनरावांना तो अनाचार वाटला.

"ही शाळा आहे, खानावळ नाही," त्यांनी बोलावून सांगितलं. "त्यात अंडं."

"डॉक्टरांचं पत्र दिलं आहे, साहेब."

"पत्र मी वाचलं. माणसाने पथ्य घरी करावं. मीही गुरुवार करतो, एकभुक्त राहतो. वर्गात खातो काय?"

कौसल्याबाईंनी त्यांच्या पोटाकडे पाहिलं, आणि वामनरावांना ते समजावं एवढा वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं: कोणत्याही शिक्षकाने वर्गात खाद्यपदार्थांचे सेवन करू नये.

त्या दिवशी बाराला कौसल्याबाई डबा घेऊन सेक्रेटरींच्या ऑफिसात गेल्या, समोरच्या बाकावर बसल्या आणि डबा उघडला.

"हे काय?"

"वर्गात बंदी आहे. ऑफिसबद्दल परिपत्रकात काही लिहिलेलं नाही." त्यांनी अंडं सोललं. एकेक घास तीस वेळा चावून संपवला. मग बाकावर आडव्या झाल्या आणि पदर तोंडावर ओढला. "अर्धा तास पडायला सांगितलंय. तुमचं चालू द्या."

व्हरांड्यापलीकडे तिसरीच्या बावन्न मुलींनी वर्ग डोक्यावर घेतला होता. वामनराव दहा मिनिटं बसले, मग टोपी घालून निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे पालक बसलेले होते. कौसल्याबाईंनी त्यांना सरकायला सांगून जागा केली. पालकांनी आजाराची चौकशी केली. त्यांनी कुठून कापलं ते बोटाने दाखवून सविस्तर सांगितलं.

तिसऱ्या दिवशी वामनरावांनी आतून कडी लावून घेतली. कौसल्याबाई दाराबाहेर उभ्या राहिल्या. बारा वाजून गेले, सव्वाबारा झाले. वेळ टळली की त्यांचे हात कापत, घाम फुटे, आणि बुद्धी अशी सुटे की स्वतःचं नाव आठवायलाही जोर लावावा लागे. हे त्यांना माहीत होतं, तरी त्या हलल्या नाहीत. हा हट्ट होता, आणि मूर्खपणाचाही होता, हे त्यांनी पुढे कबूल केलं. साडेबारालाच वामनराव घरी जायला म्हणून बाहेर निघाले तेव्हा त्या त्यांच्या अंगावरून आत गेल्या, बाकावर कोसळल्या आणि थरथरत्या हातांनी भाकर तोंडात कोंबली. न चावता, घाईघाईत. पाच मिनिटांत सगळं उलटून आलं. समोर कागदाची टोपली होती, ती त्यांनी ओढून घेतली. भाकर पडली, मग ते हिरवं पित्त. मळमळीचे कढ येतच होते आणि मधल्या श्वासात त्या पुन्हा टोपलीवर वाकत होत्या.

वामनराव दारात उभे होते. चेहरा पांढरा पडला होता. आयुष्यभर त्यांना ताटातलं अन्न दिसत आलं होतं. ते परत येताना त्यांनी पाहिलं नसावं.

"पाणी... पाणी आणू काय बाई?" ते म्हणाले.

"पाणी तासाभराने," कौसल्याबाई तोंड पुसत म्हणाल्या. "पत्र वाचलं म्हणता, त्यात लिहिलं होतं."

चौथ्या दिवशी नवीन परिपत्रक आलं. वैद्यकीय कारणास्तव श्रीमती कौसल्याबाई यांना दुपारी बारा वाजता वर्गात अल्पोपहाराची परवानगी देण्यात येत आहे. अंड्याला अल्पोपहार म्हणणाऱ्या माणसाची कौसल्याबाईंना कीव आली, पण कागद त्यांनी जपून ठेवला. वामनराव त्यानंतर बारा वाजता तिसरीच्या वर्गावरून जात नसत.

मळमळ कमी व्हायला दोन वर्षं लागली, पूर्णपणे ती गेलीच नाही. सत्त्याहत्तरच्या सुमारास हातपाय मुंग्या येऊन बधिर व्हायला लागले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी महिन्याला बी-बाराचं एक इंजेक्शन लावलं, ते जन्माचं झालं. भीमाबाई त्याच सुमारास वारल्या, शेवटच्या आजारात त्यांनी सुनेच्या हातची घट्ट खिचडी मागून खाल्ली आणि कसं लागते ते विचारल्यावर खरं सांगितलं, "भिताड खाल्ल्यावानी लागते वं. तू सहा वर्षं हे खाऊन राहिली?" सुनेबद्दल त्या घरात कुणी काढलेला हा एकच कौतुकाचा शब्द, आणि कौसल्याबाईंना तो पुरला.

ऐंशी साली डॉक्टरीणबाईंनी जरीपटक्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या रुखमाबाईला त्यांच्याकडे पाठवलं. तेच ऑपरेशन, दोन महिने झालेले, हाडं वर आलेली. ती ओट्यावर बसली आणि रडायला लागली.

"काईच टिकत नाही बाई. मरते मी."

"रडता रडता हवा गिळून राहिली तू," कौसल्याबाई म्हणाल्या. "एवढंसं पोट ठेवलं तुह्यात, त्यात हवा भरली तर भाकर कुठी जाईन? आधी गप बस."

रुखमाबाईने पदराने डोळे पुसले. मग चौकशी झाली. दुपारी चहात पाव बुडवून खाते. संध्याकाळी शेजारीण दूधसाखर आणून देते, तिचं मन मोडवत नाही.

"शेजारीण उलटी उचलते काय तुही?"

"नाही."

"मग तिचं मन मोड. उद्याच मोड."

त्यांनी तिला महिनाभर दर रविवारी बोलावलं. शिळी भाकर किती चावायची ते समोर बसून शिकवलं, आणि गिळायची घाई केली की वर्गात पट्टी आपटत तशी ओट्यावर थाप मारली. बाजारात दुकान मांडून आडवं कसं व्हायचं, हा रुखमाबाईचा प्रश्न खरा होता. त्यावर कौसल्याबाई स्वतः जरीपटक्याला गेल्या, जागा पाहिली आणि कोबीच्या रिकाम्या पोत्यांची थप्पी तिच्या पाठीमागे लावून दिली. बाजूचा बटाटेवाला हसला. कौसल्याबाईंनी त्याला, तुझं पोट कापलं की तुलाही लावून देईन, असं सांगितलं.

रुखमाबाईचं वजन चार महिन्यांत सहा किलो वाढलं. ती सांगायला आली तेव्हा दारात पिशवी ठेवून पाया पडायला वाकू लागली. कौसल्याबाईंनी तिला मधेच थांबवलं. खाऊन किती वेळ झाला ते विचारलं, आणि वीसच मिनिटं झाली हे कळल्यावर वाकू नकोस म्हणून खडसावलं. मग आतल्या खोलीत चटई टाकून तिला झोपवलं आणि दार ओढून घेतलं.